रेडिएटरचे अकरा डाख

आमच्या दारात ट्रॅक्टरचं रेडिएटर आलं ते बैलगाडीत बसून. लढाईची वर्षं होती. गाडी हाकणारा म्हातारा कास्तकार वाटेत भेटेल त्याला सांगत आला होता म्हणे, की ज्या यंत्रापायी बैलांना घरी बसवणार होते, ते यंत्र आता बैलांच्याच जिवावर फिरून राहिलं आहे. लोक हसले असतील. मी हसले नाही. मी दाराआड उभी होते आणि त्या पितळी चौकटीच्या खालच्या कडेला ओघळून गोठलेला काळपट तांबडा थर मला तिथूनच दिसला होता. ती लाख आमच्या घरची होती. मीच दिली होती.

हे आधीच सांगून मोकळी होते, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की म्हातारीनं स्वतःची चूक पदराखाली झाकली आणि दुसऱ्यांच्या नावानं बोटं मोडली. चूक माझी होती. राग मात्र मला दुसऱ्याच गोष्टीचा आहे आणि माझे केस पिकले तरी तो उतरलेला नाही.

आमचं गाव कामठ्याच्या वाटेवरचं. गावात कासाराचं घर एकच, आमचं. माझे यजमान लढाईच्या कामासाठी जबलपूरच्या कारखान्यात गेले होते. घरात मी आणि सासरे, दोघंच. सासऱ्यांना आमच्याकडे मामाजी म्हणतात. त्यांचा हात असा होता की त्यांनी सांधलेली घागर पुन्हा त्याच जागी कधी गळली नाही. नागऱ्याच्या जत्रेला जाणारे लोक वाट वाकडी करून आमच्याकडे भांडी टाकून जात आणि परतताना घेऊन जात. मामाजी भट्टीपुढं बसत, मी भाता ओढत असे. आमच्या घरात रीतच होती: बाईनं भाता ओढावा, डाख पुरुषानं द्यावा. डाख म्हणजे फुटलेला सांधा जोडायला वितळवून लावतात ते कथील. तापलेली डाखणी, म्हणजे डाख द्यायची सळई, बाईच्या हातात गेली तर भट्टी रुसते, असं मामाजींच्या आईनं त्यांना सांगितलं होतं आणि त्यांनी मला.

भट्टी काही रुसली नाही, डोळे रुसले. मामाजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी बारीक छिद्रं दिसेनात, मग मोठीही दिसेनात. पहिल्यांदा मी फक्त सांगायची, जरा डावीकडं, जरा खाली. मग एके दिवशी त्यांनी न बोलता डाखणीची मूठ माझ्याकडं केली आणि स्वतः भाता धरला. दाराला पोतं टांगलं. कुणी अंगणात आलं की आम्ही जागा बदलायचो. अशी दोन वर्षं गेली. गाव मामाजींच्या हाताची वाखाणणी करत होतं आणि मी पोत्यामागं बसून ती ऐकत होते. खरं सांगते, तेव्हा मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. हात चालतोय यातच सुख होतं.

आता लाखेची गोष्ट. आमच्या मुलुखात पळसावर आणि कुसुमावर लाख उतरते. घागरीला बारीक भोक पडलं की कुणी डाख मागायला येत नाही, लाख मागतं. वस्त्रगाळ विटकर, म्हणजे विटेची पूड, मिसळून लाख तापवायची, भोकावर दाबायची, की घागर दोन-चार वर्षं निभावून नेते. मामाजींचा नियम एकच होता. लाख देण्याआधी विचारायचं, भांड्यात थंड पडणार की ऊन? ऊन पाण्यापुढं लाख टिकत नाही, वितळते.

मालगुजारांच्या धाकट्या भावानं, म्हणजे गावाच्या धाकट्या मालकांनी, लढाईआधी एक जुना ट्रॅक्टर आणला होता. लोखंडी दातेरी चाकांचा. त्याचा मिस्त्री गोंदियाच्या एका धान गिरणीतून आलेला, हिंदी बोलणारा. तो एका सकाळी आमच्या दारात आला आणि म्हणाला, ट्रॅक्टर की पानी की टंकी चू रही है बाई, थोडी लाख दे दो. मामाजी घरी नव्हते. मी लाख दिली, विटकर मिसळलेली, तयार. थंड की ऊन, विचारलं नाही. ट्रॅक्टर चालताना मी बाईमाणूस त्याच्याजवळ कशाला गेले असेन? मला वाटलं टाकीतलं पाणी टाकीत बसून राहतं, घागरीतल्यासारखं. त्या पाण्याला इंजिन उकळवत असतं हे मला ठाऊक नव्हतं. मिस्त्रीला मात्र ठाऊक होतं. तो यंत्राचा माणूस होता. पण हातातलं काम ढकलायचं असलं की माणूस ठाऊक असलेलंही विसरतो.

त्या वर्षी हस्त कोरडा गेला. धान गर्भात आलेलं आणि आभाळ लख्ख. गावच्या तलावाचं पाणी मोरीच्या खाली उतरलं, म्हणजे आपोआप वाहून येणं बंद. धाकट्या मालकांनी ट्रॅक्टर तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, उभा केला, त्याच्या पट्ट्यावर पंप जोडला आणि पाणी उपसून बांध्यांत सोडायला लागले. धानाच्या शेताच्या एकेका तुकड्याला आम्ही बांधी म्हणतो. पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरत जातं. वरच्या बांध्या मालकांच्या, खालच्या कास्तकारांच्या, अगदी शेवटच्या ठेक्यानं घेतलेल्या, त्यात आमच्याही दोन. मालकांच्या बांध्या तुडुंब झाल्या आणि नेमका तेव्हा ट्रॅक्टर वाफ सोडून थांबला. लाख वितळून आतल्या नळ्यांत उतरली होती, नळ्या तुंबल्या, पाणी उकळलं आणि खालचे सांधे उघडले.

धाकटे मालक नागपुरात चार बुकं शिकून आलेले. त्यांनी रेडिएटरकडं एकदा पाहिलं आणि सांगून टाकलं की हे आता भंगार, नवं मागवू. मुंबईला तार केली. लढाईत जहाजं बुडत होती, यंत्रांचे सुटे भाग महिनोन् महिने येत नव्हते, हे पाटीवर लिहून सांगायची गरज नव्हती. पण त्यांच्या बांध्या भरलेल्या होत्या. ज्याचं पोट भरलेलं त्याला वाढायची घाई नसते. मिस्त्रीही नवंच हवं म्हणून मागं लागला, कारण जुनं कुणी उघडलं असतं तर आतली लाख दिसली असती. आणि धान तर आठ दिवसांच्या वर थांबणारं नव्हतं. बाया-माणसं टोपल्यांनी पाणी उपसत होती, पण टोपलीचं पाणी दोन बांध्यांपलीकडं जात नाही, जमीनच पिऊन टाकते.

म्हणून शेवटच्या बांधीचा तो म्हातारा कास्तकार ते भंगार गाडीत घालून आमच्याकडं घेऊन आला. भंगारच आहे, न्या, असं मालक म्हणाले होते.

मामाजींनी आधी हातानं सगळं चाचपलं. वर एक टाकी, खाली एक टाकी, मधे बोटाएवढ्या पातळ पितळी नळ्यांची रांग. खालच्या कडेची लाख त्यांनी नखानं खरवडली, चिमटीत चुरली आणि थांबले. विटकरीचा रवा त्यांच्या बोटांना कळला. म्हातारा कास्तकार निघून जाईपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग मला म्हणाले, "इटकर आपल्या घरची हाय." मी हो म्हटलं आणि सगळं सांगितलं. "थंड का ऊन, इचारलं नाई?" नाही म्हटलं. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाले की आता हे काम आपल्या अंगावर आलं.

आणि काम कसं केलं ते मला आज कुणी विचारत नाही, पण मी सांगणार आहे. राखेचं खारं पाणी मोठ्या गुंडात, म्हणजे पितळी हंड्यात, कढवलं आणि नळ्यांतून ओतत राहिलो. खारात लाख विरघळते. पहिल्या दिवशी पाणी लालभडक निघालं, दुसऱ्या दिवशी गुलाबी, तिसऱ्या दिवशी नितळ. मग चिंचेचं पाणी घालून आतलं कीट काढलं. रेडिएटरची तोंडं चिंध्यांनी बुजवून ते घरामागच्या बोडीत, म्हणजे आमच्या लहानशा तळ्यात, बुडवलं आणि एका तोंडातून भात्यानं वारा भरला. जिथं भोक तिथून बुडबुडे. मामाजी भाता दाबत होते, मी कमरेइतक्या पाण्यात वाकून बुडबुडे मोजत होते आणि प्रत्येक जागी काजळाचा ठिपका लावत होते. अकरा निघाले.

अकरा डाखांना कथील हवं. लढाईमुळं कथील यायचं बंद झालेलं. मामाजींनी दिवाळीच्या कल्हईसाठी एक कांडी राखून ठेवली होती, अख्ख्या गावाच्या भांड्यांसाठी. ती त्यांनी माझ्यापुढं टाकली. नवसागर लावून, राळ फिरवून मी एकेक डाख दिला. दोन नळ्यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीत डाखणी घालताना माझी बोटं भाजली, त्यांचे डाग अजून आहेत. पुन्हा बोडीत बुडवलं. एकही बुडबुडा आला नाही. मग मामाजींनी उकळतं पाणी ओतून तपासलं, तीन वेळा. ऊन पाण्यातही सांधा कोरडा राहिला. मामाजींनी सगळ्या सांध्यांवरून तळहात फिरवला आणि मान हलवली. ती मान हलवणं माझ्यासाठी होतं, कारण तिथं दुसरं कुणी नव्हतं.

सहाव्या दिवशी सकाळी गाडी पाळीवर गेली. मामाजी गाडीत बसून गेले, पांढरं धोतर नेसून. मी मागून बायांबरोबर टोपली घेऊन गेले, पाणी उपसायला. खालच्या बांध्यांतली जमीन भेगाळायला लागली होती. सगळे कास्तकार पाळीवर जमले होते. कुणाच्या घरी त्या वर्षी चूल पेटणार आणि कुणाच्या नाही, ते त्या पितळी चौकटीवर ठरणार होतं.

धाकट्या मालकांनी ते लावायला नकार दिला. नवं येतंय, तार गेली आहे, गावठी जोड लावून इंजिन फुटलं तर जबाबदार कोण? मिस्त्रीनं लगेच री ओढली. म्हणाला, "कासार ने फिर लाख भर दी होगी मालिक, फिर पिघलेगी." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण मी सून, डोक्यावर पदर, सासरे समोर.

मामाजी शांतपणे म्हणाले की लाख नाही, डाख आहेत. मालकांनी त्यांच्याकडं जरा निरखून पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं कोण जाणे, की आधीपासूनच कुणी काही बोललं होतं. म्हणाले, "दाखवा ना मग. कुठं कुठं दिले?"

मामाजी वाकले. त्यांची बोटं नळ्यांवरून फिरली. एक डाख सापडला, दुसरा सापडला. तिसऱ्याला त्यांनी कारखान्यातल्या जुन्या सांध्यावर बोट ठेवलं. मग पुन्हा पहिल्यावरच. पन्नास माणसं पाहत होती. मालक हळूच म्हणाले, "याइले दिसत नाई." आणि मग मोठ्यानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की आंधळ्याच्या कामावर मी माझं इंजिन देणार नाही, नवं येईपर्यंत थांबा.

थांबा! धान थांबतं का? मी पाहिलं, की एकही कास्तकार तोंड उघडत नव्हता. सहा दिवस जे लोक मामाजींच्या हातावर जीव टांगून होते ते खाली पाहत होते. आणि मामाजीही बोलत नव्हते. त्यांना बोलता आलं असतं. मी वाट पाहिली. ते बोलले नाहीत.

मी टोपली खाली ठेवली आणि माणसांतून पुढं गेले. वाकले आणि अकराच्या अकरा डाखांवर बोट ठेवत गेले, एकामागून एक. मग मी म्हणाले, "नजर माही हाय आन हात बी माहा हाय. दोन सालापासून गावचे डाख मीच देऊन राहिली. लाख बी मीच देल्ली होती, या मिस्त्रीले. मामाजी घरी असते तं देल्ली नसती. आता लावून पाहा. गळलं तं नवं आना."

मग तो शेवटच्या बांधीचा म्हातारा उठला, त्यानं एक बाजू धरली, दुसऱ्यानं दुसरी धरली आणि मालकांना न विचारता ते रेडिएटर ट्रॅक्टरकडं चालू लागलं. मिस्त्रीला माझ्याकडं पाहवत नव्हतं. त्यानं गुपचूप पाने फिरवून ते बसवलं, पाणी भरलं, इंजिन सुरू केलं. सूर्य डोक्यावर आला तरी एक थेंब गळला नाही. रॉकेलचे दोन डबे संपेपर्यंत पंप चालला. दुसऱ्या दिवशी आणि तिसऱ्या दिवशीही चालला, आणि तिसऱ्या दिवशी पाणी आमच्या बांध्यांच्या धुऱ्याला, म्हणजे कडेच्या बांधाला, लागलं. शेवटची बांधीसुद्धा पिकली. अदमुरी का होईना, पण पिकली.

मी डाख दाखवले त्या दिवशी मामाजी पाळीवरून गाडीत बसून आले नाहीत. काठी टेकत, चाचपडत, एकटे आले. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून उघड चाचपडत आले. मी मागं चालत होते. त्यांनी एकदाही हात पुढं केला नाही.

त्यानंतर काय झालं ते ऐका. मळणी उरकल्यावर नवं रेडिएटर आलं. जुनं थेंबभर गळत नव्हतं, तरी मालकांनी ते काढून नवं बसवलं. का? तर ते बाईच्या हातचं म्हणून. अकरा डाखांचं ते पितळ त्यांनी गोठ्याच्या भिंतीला टेकून ठेवलं आणि त्याच्यावर शेण भरायच्या पाट्या वाळत घातल्या. जाता-येता मला दिसावं असं. गावानंही तेच केलं. मामाजींकडं भांडी येईनात, कारण त्यांना दिसत नाही. माझ्याकडं येईनात, कारण मी बाई. ज्यांच्या घरी त्या वर्षी कणगी भरली ते लोक घागरी घेऊन दुसऱ्या गावी जायला लागले. गरज सरो, वैद्य मरो. काही बाया मागच्या दारानं यायच्या, पदराआड तांब्या घेऊन. तूच करून दे, पण माझ्या घरी कळू देऊ नकोस. मी म्हणायची, समोरच्या दारानं घेऊन या. समोरच्या दारानं एकही आली नाही. त्या वर्षी जेवढा तांदूळ गावात शिजला, त्यातल्या किती घासांना माझी बोटं भाजली होती हे त्या सगळ्यांना ठाऊक होतं.

माझे यजमान अजून जबलपुरातच होते, म्हणून मामाजींनी भंडाऱ्याहून आपला पुतण्या आणवला. धडधाकट, दोन डोळ्यांचा आणि एका बाजूनं डाख ओघळू देणारा. त्याला भट्टीपुढं बसवलं. मला त्यांनी भात्यावरूनही उठवलं. बांधीत जा, म्हणाले, धानाची एवढी काळजी आहे तर. फुटकं भांडं कुणी टाकू म्हटलं की ज्या माणसाला राग यायचा, जो म्हणायचा की पितळ कधी मरत नाही, डाख द्या, उठून बसतं, त्या माणसानं मला सुट्या भागासारखं बदलून टाकलं. माझ्यात एकही भोक निघालं नव्हतं.

त्या हिवाळ्यात एका दुपारी मी त्यांच्यापुढं ताट ठेवलं. नव्या धानाचा भात होता, आमच्याच बांधीतला. त्यांनी घास हातात धरला आणि म्हणाले, "बाई, धान वाळलं असतं तं पुढच्या साली पुन्हा पिकलं असतं." त्यांचं नाव पुन्हा पिकणार नव्हतं, असं त्यांना म्हणायचं होतं. मी पदर सावरून आत गेले. उत्तर दिलं नाही, तेव्हा सून उत्तर देत नसे. पुढं पाच-सहा वर्षं ते जगले आणि माझ्याशी जेवणा-पाण्यापलीकडं बोलले नाहीत. मी त्यांचं सगळं केलं, शेवटपर्यंत.

पण उत्तर माझ्याजवळ होतं आणि आजही आहे. मामाजी, तुमचं नाव मी बुडवलं नाही. त्या पाळीवर, पन्नास माणसांपुढं, मी अकरावा डाख दाखवून सरळ झाले तेव्हा तुम्ही माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होता. तुम्हाला एवढंच म्हणायचं होतं, की होय, माझ्या सुनेनं केलं, मीच शिकवलं. त्या एका वाक्यात तुमचंही नाव राहिलं असतं आणि माझंही. मी थांबले होते. तुम्ही तोंड फिरवलंत.